ओढ्याचे मासे आणि अक्काचा हातगुण

आमच्या घरात मासे कधी शिजले नाहीत. म्हणून ते मार्गशीर्षात आमच्या ओसरीवर काचेच्या पेटीत पोहू लागले तेव्हा आळीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून बघून गेल्या. शेजारच्या काकू निघताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "मासे आले म्हन्तात तुमच्या घरी, पण आमाले वास काही आला नाही." बायको हसली आणि त्यांच्या हातावर तिळाची वडी ठेवून तिने विषय संपवला.

पेटी एका इंजिनिअर साहेबांची होती. ते हैदराबादेहून आदिलाबादेत बदलून आले तेव्हा तिच्यात लाल मासे होते. पहिल्याच उन्हाळ्यात ते मेले. पुढे साहेबांची पुन्हा बदली झाली आणि बंगल्यातल्या सामानाची मोजदाद करायला तहसिलीतून मला पाठवलं. मी तिथे अहलकार, म्हणजे कारकून होतो आणि मोजदादीची सगळी कामं माझ्याकडेच येत. पावसाळ्यात कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापकही मीच बघत असे. साहेब म्हणाले, ही पेटी यादीत धरू नका, तुम्हीच घेऊन जा. दोन हात लांब, हातभर रुंद, लोखंडी चौकटीत बसवलेल्या काचा. सोबत पाण्याची उष्णता बघायची लाकडी पट्टीवरची पाऱ्याची नळीही त्यांनी दिली. मला त्या नळीचंच जास्त अप्रूप वाटलं. पेटी वर्षभर गोठ्यात पडून होती.

ती बाहेर काढली ती अक्कासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं लहानपण निर्मलच्या घाटाखाली, एका ओढ्याच्या काठच्या गावात गेलं. ओढा डोंगरातून येतो, त्याच्यावर दोन्हीकडून झाडी आहे आणि हिवाळ्यात त्याच्या पाण्यात पाय ठेवला की पोटरीपर्यंत कळ येते. तिथे बोटाएवढे मासे असत. काही दगडाला पोटाने चिकटून राहत, काही धारेच्या तोंडाशी एका जागी थरथरत उभे असत. अक्का खडकावर बसून पाय सोडायची आणि ते मासे तिच्या टाचा टोकरायचे. माझ्या पायाशी येत नसत, कारण मला स्थिर बसता येत नसे. अक्का म्हणायची, हे मले ओळखतात.

तिचं लग्न निर्मलला झालं. तिला दोन मुलं झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. मग नवरा तापाने गेला. ती त्या घरातच राहिली असती, पण धाकट्या जावेला मुलगा झाला. अक्काने त्याला मांडीवर घेतलं तेव्हा सासूने येऊन त्याला उचलून नेलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली की हिच्या हाताले गुण नाही, हिच्या हातचं काही जगत नाही. एवढं अक्काने मला एकदाच सांगितलं. कार्तिकात ती आमच्याकडे आली. सोबत एक ट्रंक आणि आईने लग्नात दिलेला तांब्याचा हंडा, एवढंच सामान होतं.

आमच्या घरी आल्यावर ती कोणत्याही जिवंत गोष्टीला हात लावीना. भांडी घाशी, दळण दळी, देवाचं सगळं करी. पण तुळशीला पाणी घालायचं असलं की माझ्या बायकोला हाक मारी. गाईला चारा टाकायचा असला तर पेंढी गोठ्याच्या दारात ठेवून मागे फिरे. आमची मुलं तिच्या अंगावर पडायला जात तर हात मागे घेई. तेव्हा माझ्या बायकोला पुन्हा दिवस गेले होते. ज्येष्ठात बाळंतपण होतं. घरात वडीलधारी बाई अक्काच. मूल आल्यावर ती त्याला हात लावणार नसेल तर एकाच छपराखाली आम्ही कसे राहणार, हे मला कळत नव्हतं. आणि माझ्या बायकोच्या मनात काय होतं, हे विचारायचा धीर मला होत नव्हता.

म्हणून मी ठरवलं की ज्येष्ठाआधी अक्काच्या हातून काहीतरी जगलं पाहिजे.

मार्गशीर्षात तहसीलदार साहेबांचा दौरा घाटाकडे होता. मीही सोबत होतो. मुक्काम उठण्याच्या सकाळी आमच्या त्याच ओढ्यात मी उपरणं दोन्ही हातांनी धारेत धरून एकोणीस मासे पकडले. गाडीवान बघत होता. त्याला वाटलं मी वाटेत भाजून खाणार. दोन मोठ्या मडक्यांत ओढ्याचं पाणी, थोडी वाळू आणि शेवाळलेले दगड घेतले. गाडी हिंदकळेल तसं पाणी ढवळत होतं, त्याचा फायदाच झाला. तरी चार वाटेत गेले. पंधरा घरी पोचले.

ओढ्याच्या पाण्यात पारा फॅरनहाइटच्या साठाच्या थोडा वर होता. घरी सकाळी तेवढाच राही, दुपारी सत्तरीला जाई. हे मासे वाहत्या, गार पाण्याचे. पाणी तापलं किंवा साचून राहिलं की ते वर येऊन तोंड उघडझाप करतात. साहेबांचे लाल मासे तसेच गेले होते. मी पेटीला तीन बाजूंनी ओलं गोणपाट बांधलं. महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात तसं एक मडकं तळाला भोक पाडून पेटीवर टांगलं. त्याची धार पाण्यात पडत राही आणि धारेच्या तोंडाशी मासे येऊन उभे राहत, ओढ्यात राहत तसे. पाणी आडाचं, मातीच्या रांजणात रात्रभर ठेवून रोज थोडं बदलत होतो. शेवाळलेले दगड परसातल्या डोणीत ठेवून आलटून पालटून आत टाकत होतो. डोणीत डासांच्या अळ्या होत, त्याही दगडांबरोबर आपोआप माशांना मिळत. भात आणि कणीक टाकून पाहिली, ती त्यांनी शिवली नाही.

अक्का पहिले काही दिवस लांबूनच बघत होती. मग एक दिवस मी कचेरीतून आलो तर ती पेटीसमोर पाट टाकून बसली होती. मी चपला काढल्या तरी तिने मान वळवली नाही.

"हा दगडाखालचा," ती म्हणाली, "आपल्या खडकापाशी होता तसाच हाय."

त्या दिवसापासून ती दोन वेळा जेवू लागली. मी तिला सांगून काही केलं नाही. फक्त सकाळी पाणी बदलायला मुद्दाम उशीर करू लागलो. पौष सरता सरता एका सकाळी मी उठलो तर तिने पाणी बदललेलं होतं. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. माघापासून माशांचं सगळं अक्काकडे गेलं.

माघातल्या पहिल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तीन मासे मेले.

मी पारा पाहिला, बहात्तर. उन्हाने मरावं असं काही नव्हतं. गळतीचं भोक शेवाळाने बुजलं होतं, मी ते मोकळं केलं आणि दोष त्याच्यावर टाकला. अक्काने मेलेले मासे पानावर घेऊन लिंबाखाली पुरले. पुढच्या एकादशीनंतर चार गेले. त्या दिवशी तर आभाळ होतं, हवा गार होती. आता मी पारा दिवसातून कितीदा तरी बघू लागलो. कचेरीतही माझ्या डोक्यात तेच आकडे फिरत. वाळूत काही कुजतं का, म्हणून वाळू उपसून धुतली. गोणपाट दुहेरी केलं. फाल्गुनातल्या एकादशीनंतर आणखी तीन गेले. पंधरातले दहा झाले.

बाकीच्या दिवसांत एकही मेला नव्हता. मला आकडे जुळवायची सवय. कचेरीत एखाद्या गावची बेरीज चुकली की कोणत्या ओळीत चुकली ते मी बोट ठेवून दाखवत असे. इथे बोट कुठे जात होतं ते मला दिसत होतं आणि मी ते तिकडे जाऊ देत नव्हतो. मी पाणी बदलत होतो तोवर मासे जगले. अक्काने हात घातल्यावर मरू लागले. तेही तिच्या उपासाच्या, तिच्या सोवळ्याच्या दिवसाला धरून. निर्मलच्या त्या सासूला हे दाखवलं असतं तर तिने दुसरा पुरावा मागितला नसता.

बायकोच्याही ध्यानात आलं होतं. एका संध्याकाळी दिवा लावताना तिने विषय काढला. सातवा महिना चालू होता.

"तुमाले सगळ्याचा हिशेब ठेवायची सवय," ती म्हणाली. "मंग याचाही ठेवला असंल."

मी म्हणालो, ठेवला आहे, पण पुरा झाला नाही.

"माझे दिवस भरायच्या आत पुरा करा," ती म्हणाली, आणि वात सरळ करून आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

फाल्गुनातली दुसरी एकादशी आली तेव्हा मी दशमीपासूनच कचेरीतून रजा घेतली. अक्का करते ते सगळं पहिल्यापासून बघायचं ठरवलं. रोजचं थोडं पाणी ती माझ्यासारखंच रांजणातून घेई, ते मला माहीत होतं. एकादशीला मात्र ती सगळं पाणी बदलायची, हे मला माहीत असलं तरी ते कुठलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते आता कळलं. तिचा तो माहेरचा हंडा. देवाच्या पाण्याचा म्हणून तो देवघराच्या कोपऱ्यात असे, सोवळ्यात तीच त्याला शिवे, आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकत नसे. दशमीला ती तो चिंचेने घाशी, आतून बाहेरून, गुलाबी दिसेपर्यंत. मग आडाचं पाणी भरून रात्रभर ठेवी. सकाळी त्यातून देवाला घेई आणि उरलेलं माशांना. घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी ती त्यांना देत होती.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी देवघरात गेलो. सोवळं मोडत होतं, पण मी हात घातला. हंड्याच्या गळ्याला, जोडाच्या खाचेत, चिंचेचा चोथा अडकलेला होता. मी ओंजळभर पाणी घेऊन तोंडात धरलं. जिभेच्या दोन्ही कडांना ती चव लागली. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक राहिलं की जी लागते ती. कळकलेलं.

आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं की बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवू नये. कल्हईवाला आळीत आला की स्वयंपाकाची भांडी आम्ही आधी बाहेर काढतो. पण देवाच्या भांड्याला कल्हई कोणी करत नाही. देवाला निखळ तांबं लागतं. आणि पाणी कळकतं हे कोणाच्या मनातही येत नाही, कारण पाणी आंबट नसतं. चिंच आंबट असते हे आम्ही विसरलो होतो. माणसाला तेवढ्याने काही होत नसेल. बोटाएवढ्या जिवाला, आणि तेही सगळंच्या सगळं पाणी एकदम बदललेलं, होत असणार.

हिशेब पुरा झाला होता. तरी मी ओसरीवर लगेच गेलो नाही, परसात जाऊन उभा राहिलो. सासू म्हणत होती ते खोटं निघालं, हे खरं. पण अक्काला काय सांगायचं? तुझ्या हाताने नाही मेले, तुझ्या हंड्याने मेले? घासत ती होती, भरत ती होती, ओतत ती होती. न सांगता हंडा कल्हईला देता आला असता. पण मग एकादशीला मासे मरायचे आपोआप थांबले असते आणि का थांबले हे तिला कळलंच नसतं. आधीचे दहा तिच्या नावावर तसेच राहिले असते.

मी ओसरीवर आलो. अक्का ओल्या लुगड्यात हंडा घेऊन पेटीशी उभी होती. ओतत नव्हती.

"बापू," ती म्हणाली, "एकादशीलेच काऊन मरून राह्यले रे हे?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. माझ्या आधीपासून. दुसऱ्यांदा चार मेले तेव्हापासून ती एकादशीला पाणीसुद्धा घेत नव्हती, हे तिने तेव्हा सांगितलं. आपल्या उपासात काही कमी पडतंय म्हणून. आणि हंडा पहिल्यापेक्षा जास्त घासत होती, दोनदा चिंच लावून. तिला जेवढी भीती वाटत होती तेवढा हंडा लखलखीत होत होता, आणि तेवढं पाणी जास्त कळकत होतं.

मी तिला म्हणालो, ओतू नको, आधी चाखून बघ. तिचा निर्जळी उपास होता. मग तिने हंडा खाली ठेवला, बोटं बुडवून जिभेला लावली.

"कळकलंय," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं, ओळीने, कचेरीत सांगतो तसं. कोणत्या दिवशी पारा किती होता, रोजचं पाणी कुठलं, एकादशीचं कुठलं, किती मेले. शेवटी एवढंच म्हणाली, "पन ओतलं मीच." आणि हंडा उचलून परसात नेला, पाणी लिंबाच्या बुडाशी रिकामं केलं, हंडा पालथा घातला. त्यानंतर कित्येक दिवस ती पेटीकडे आली नाही.

उरलेले पाच मासे मी रुंद तोंडाच्या मातीच्या कुंडात हलवले, कारण चैत्रापासून काचेच्या पेटीतलं पाणी तापायचं आवरेना. कुंड उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत अर्धं पुरलं, वर गळती टांगली. पाणी बायको घालत होती. वाकताना तिला त्रास व्हायचा. एकादशी आली, गेली. कोणी मेलं नाही. पुढचीही गेली. मी अक्काला म्हणालो की अजून हिशेब अर्धाच आहे. मातीतलं पाणी आहे, पण हात दुसरा आहे. तुझा हात लागल्याशिवाय मला तो बरोबर आहे असं म्हणता येत नाही. तिने मला विचारलं की तुले मासे पाह्यजे का हिशेब. मी म्हणालो, दोन्ही.

ती दोन दिवसांनी कुंडाशी बसली. हातात करवंटी होती. रांजणातून एकेक करवंटी पाणी आणून, कुंडाच्या कडेवरून सोडत होती, आवाज न होऊ देता. त्यानंतर तिने ते काम कोणाला दिलं नाही. वैशाखात पारा कुंडातही ऐंशीच्या वर गेला. एका दुपारी धारेशी उभे राहणारे दोन मासे वर येऊन तोंड उघडू लागले; मी कचेरीत होतो. संध्याकाळपर्यंत ते गेले. मी घरी आलो तेव्हा अक्का दारातच होती. मला वाटलं आता सगळं संपलं.

"हे उन्हानं गेले," ती म्हणाली. "तुझा पारा पाय, मी पाह्यला. शहाऐंशी हाय."

मी बघायला गेलो. शहाऐंशीच होता. ती नळी वाचायला कधी शिकली हे मी विचारलं नाही.

दगडाला चिकटणारे तीन जगले. ज्येष्ठाच्या अखेरीला ओढे वाहू लागले तेव्हा मी त्यांना मडक्यात घालून घाटाकडे जाणाऱ्या गाडीने नेलं आणि आमच्या खडकापाशी सोडलं. परत आल्यावर अक्काला म्हणालो, तीन जगले, तुझ्या हातचे.

ती तांदूळ निवडत होती. "तांब्यानं मारले ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"मंग मडक्यानं जगवले. माझा हात ना तिकडे, ना इकडे."

मी त्यात चूक शोधली. आजवर सापडली नाही. मीच शिकवलेला हिशेब तिने शेवटपर्यंत नेला होता, आणि मी जिथे थांबणार होतो त्याच्या पुढे नेला होता.

तोवर घरात मुलगी आली होती. पहिले दिवस सुईण येत होती. अक्का खोलीच्या दाराशी लागणारं सगळं आणून ठेवी, आत जात नसे. बाराव्या दिवसानंतर सुईण यायची थांबली. त्या सकाळी बायको बाळाला घेऊन न्हाणीच्या दारात गेली. मी अंगणात होतो.

"अक्का," ती म्हणाली, "आता आंघोळ तुमी घाला. माझ्यानं पाय सोडून बसवत नाही."

बाळंतपणं बायकोला नवी नव्हती, आणि आधीच्या मुलांना ती पाय सोडून बसूनच न्हाऊ घालत असे. अक्काने हात पदराला पुसले. मग आत गेली, पाय लांब करून बसली आणि म्हणाली की बंबातलं पाणी नको, मडक्यात तापवून आणा. बायकोने सांगितलं की बंबाला काही होत नाही, आमची सगळी मुलं त्याच पाण्याने वाढली. मीही सांगितलं. तिने ऐकलं नाही. बायकोने चुलीवर मातीचं मडकं चढवलं, आणि मूल तिच्या नडगीवर पालथं पडलं.

तेव्हापासून आमच्या घरी बाळाचं पाणी मडक्यात तापू लागलं. बंब असताना मडकं काऊन, असं काकूंनी विचारलं तेव्हा बायकोने सांगितलं की आमच्या घरची रीत आहे. मुलगी चालायला लागली तरी आंघोळ अक्काच घालत होती. रोज पहिला तांब्या ओतायच्या आधी ती दोन बोटं पाण्यात बुडवून जिभेला लावी, थोडा वेळ थांबे, आणि मगच पाणी मुलीच्या अंगावर घाली.